एडिंबऱ्यात डिस्टिलरी बघायला जाताय? अत्तर घरी ठेवा, पासपोर्ट बरोबर घ्या

उन्हाळा लागला की आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. किल्ला होतो, रॉयल माइल होतो, आणि दुसऱ्या दिवशी पोहे खाताना कोणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "ते व्हिस्की कुठे बनते, ते बघायला मिळेल का गं?" विचारणारा बहुतेक वेळा एखादा काका किंवा मेहुणा असतो. पण बघून आल्यावर रात्री जेवताना त्यावर तासभर बोलणाऱ्या बायका असतात, त्यातही थेंबसुद्धा न घेणाऱ्या. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं म्हटलं.

माझ्याबद्दल एवढंच की मी सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढले आणि आप्पा तिथल्या डिस्टिलरी विभागात केमिस्ट होते. त्यामुळे डिस्टिलरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लाकडी पिंप आणि हिरवे डोंगर येत नाहीत. मळीच्या टाक्या येतात, स्पेंटवॉशचा, म्हणजे गाळून उरलेल्या सांडपाण्याचा, वास येतो आणि रात्रपाळीचा भोंगा ऐकू येतो. इथल्या डिस्टिलऱ्या बघतानाही मला आप्पांचाच प्रश्न पडतो: कच्चा माल कुठून आला, आणि या भिंतींच्या आत नेमकं काय घडतं? हा प्रश्न डोक्यात ठेवून गेलात तर तिकिटाचे पैसे वसूल होतात. नाहीतर तांब्याच्या भांड्यापुढे फोटो काढून परत याल.

कुठे जायचं

प्रिन्सेस स्ट्रीटवर जॉनी वॉकरची भली मोठी इमारत आहे. 2021 पासून तिथे झुंबड असते. किल्ल्याजवळ स्कॉच व्हिस्की एक्स्पीरियन्स आहे. दोन्ही ठिकाणी दिवे, पडदे, गोष्टी सगळं झकास आहे, पण दारू गाळली जात नाही. पावसात अडकलात तर जरूर जा, मात्र "डिस्टिलरी बघितली" असं गावी सांगू नका.

शहराच्या पश्चिमेला गॉर्गी भागात 1885 मध्ये स्थापन झालेली नॉर्थ ब्रिटिश डिस्टिलरी आहे. तिथे उंच कॉलममधून, म्हणजे न थांबता गाळणाऱ्या मनोऱ्यातून, मका-गव्हासारख्या धान्याची 'ग्रेन व्हिस्की' निघते आणि ती ब्लेंडमध्ये, म्हणजे मिश्र व्हिस्कीत, जाते. आप्पांना तिथे घरच्यासारखं वाटलं असतं. वारा फिरला की त्या भागात शिजलेल्या धान्याचा वास पसरतो आणि मला कॉलनी आठवते. पण तो कारखाना आहे, पाहुण्यांना हिंडवण्याची जागा नव्हे.

लीथच्या बंदरात 2023 मध्ये पोर्ट ऑफ लीथ ही उभी डिस्टिलरी सुरू झाली. सुमारे 40 मीटर उंच, मजल्यावर मजला, आणि वरच्या बारमधून खाडी दिसते. ट्रॅमने ओशन टर्मिनलला उतरलं की समोरच. इमारत म्हणून कमालच आहे. पण व्हिस्कीला कायद्याने पिंपात तीन वर्षं काढावी लागतात, हे लक्षात घेऊन तिथे गेलात की आधी विचारा, "तुमची स्वतःची व्हिस्की बाटलीत आली का?"

मी पाहुण्यांना नेते ते सेंट लेनर्ड्स लेनमधल्या हॉलिरूड डिस्टिलरीत. जिन आणि व्हिस्की दोन्ही एकाच छपराखाली, शहराच्या मधोमध, आणि वेव्हर्ली स्टेशनापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. 2019 मध्ये ती उघडली तेव्हा मध्य एडिंबऱ्यात सिंगल मॉल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या सातूपासून केलेली व्हिस्की) गाळणारी जवळजवळ शंभर वर्षांतली ती पहिली डिस्टिलरी होती. सुरू करणाऱ्यांत मॅकॅलन या नामांकित व्हिस्कीच्या डिस्टिलरीत मुख्य डिस्टिलर राहिलेले डेव्हिड रॉबर्टसन होते, आणि रॉब व केली कार्पेंटर हे कॅनडाचं जोडपं. इमारत मात्र जुनी दगडी, रेल्वेच्या काळातली. या भागात 1831 मध्ये कोळसा शहरात आणण्यासाठी रेल्वे सुरू झाली होती आणि तिचे डबे घोडे ओढायचे. तिचं लाडाचं नाव 'इनोसंट रेल्वे'. तिचा बोगदा अजून आहे आणि आता त्यातून सायकली जातात. डिस्टिलरीतून बाहेर पडल्यावर डोकं थोडं हलकं झालं असेल तर बोगद्यातून एक चक्कर मारून या. आत बारा महिने गारठा असतो.

निघण्याआधी

तिकीट आधी काढा. ऑगस्टमध्ये येणार असाल तर फारच आधी, कारण तेव्हा फेस्टिव्हलमुळे शहरात पाय ठेवायला जागा नसते. शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळची वेळ घ्या. गट लहान असतो, दाखवणाऱ्याला बोलायला सवड असते आणि आपलं नाक ताजं असतं. बुकिंग करतानाच एक ओळ लिहून विचारा की त्या दिवशी गाळप चालू आहे का. (गाळप हा आमच्या कारखान्याचा शब्द. त्यांना सरळ 'आर यू डिस्टिलिंग टुडे' विचारा.) डिस्टिलऱ्या वर्षातून काही काळ दुरुस्तीसाठी बंद असतात. तेव्हाही टूर मिळते, पण थंड भांडी बघण्यात काय मजा! गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर जिन्यांचं, आणि मुलं असतील तर वयाचं, त्याच ओळीत विचारून घ्या.

कागदपत्रांत फक्त पासपोर्ट लागतो, पण तो खरा, फोनमधला फोटो नव्हे. स्कॉटलंडमध्ये पिण्याचं वय 18 आहे, पण पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र विचारायचं हा इथला नियम आहे. आधार कार्ड काउंटरवर कोणी ओळखत नाही. आमच्या वीस वर्षांच्या भाच्याला इथे रीतसर ग्लास मिळाला आणि त्याने लगेच फोटो आईला पाठवला. महाराष्ट्रात त्याला अजून पाच वर्षं थांबायचंय, म्हणून ताईचा फोन आला तो मला.

गाडी आणू नका. स्कॉटलंडमध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 2014 पासून 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये ती 80 आहे, आणि लंडनहून भाड्याची गाडी घेऊन आलेली मंडळी इथेच फसतात. कोणाला चालवणं भागच असेल तर त्याचा वाटा छोट्या बाटलीत बांधून देण्याची पद्धत बऱ्याच डिस्टिलऱ्यांत आहे. सुरुवातीलाच सांगा, शेवटी नको. बसने येणार असाल तर साउथ ब्रिजवरून क्लार्क स्ट्रीटकडे जाणारी कुठलीही लोदियन बस चालते. कार्ड टेकवा. रोख दिलीत तर सुटे मोजून द्या, कारण ड्रायव्हर उरलेले पैसे परत देत नाही. चालत येणाऱ्यांनी काउगेटवरून प्लेझन्सचा रस्ता धरावा. चढ आहे, पण आर्थर्स सीटचा कडा दिसत राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या दिवशी अत्तर, सेंट, सुगंधी तेल, वासाचं हँडक्रीम काही लावू नका. केसांत गजरा असण्याची इथे शक्यता नाहीच. पान, सुपारी, पेपरमिंट, कच्चा कांदा तेवढ्यापुरतं विसरा. तुमच्या मनगटावरचा सेंट तुमच्या एकट्याचं नाही, शेजारच्या चौघांचं नाक बंद करतो, आणि या सगळ्या प्रकरणात तोंडापेक्षा नाकाचं काम जास्त आहे. पोट मात्र रिकामं ठेवू नका. पोळी-भाजी, वरणभात, काहीही साधं पोटभर खाऊन निघा. उपवासाच्या दिवशीचं बुकिंग तर नकोच. पाय झाकणारे, न घसरणारे बूट घाला, कारण फरशी ओली असते.

आत गेल्यावर

दाखवणाऱ्याच्या अगदी पुढ्यात उभे राहा. स्कॉटिश उच्चार आणि पंपांची घरघर एकत्र आली की मागच्या रांगेत निम्मं वाक्य पोचत नाही. कळलं नाही तर पुन्हा विचारा, त्यांना सवय असते. स्टिलजवळ, म्हणजे गाळायच्या तांब्याच्या पात्राजवळ, फोन बंद करायला सांगितलं तर खरंच बंद करा. हवेत अल्कोहोलची वाफ असू शकते आणि ठिणगीची भीती असते. आप्पांच्या विभागाच्या फाटकावर काडेपेटी काढून घ्यायचे, तेच हे.

पहिला थांबा धान्याचा. मॉल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, वाळवलेलं सातू. आपण बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतो ना, पहिल्या पायऱ्या अगदी त्याच. मोड आल्यावर दाण्यातल्या पिष्टाची साखर करणारी विकरं जागी होतात आणि वाळवून त्यांना थांबवलं जातं. दोन दाणे मागून चावा. बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. हॉलिरूडची खासियत इथेच कळते. बहुतेक डिस्टिलऱ्या एकाच फिकट मॉल्टवर चालतात, पण हे लोक बिअरवाल्यांचे क्रिस्टल आणि चॉकलेट मॉल्ट मिसळून बघतात. चॉकलेट मॉल्टमध्ये चॉकलेट नसतं. दाणा काळपट होईस्तोवर भाजलेला असतो, आणि वास थेट भाजक्या कॉफीकडे जातो. दोन्ही दाणे एकामागून एक चावले की पुढचं सगळं सोपं होतं.

दळलेलं धान्य साधारण 64 अंशांच्या गरम पाण्यात मिसळतात आणि गोड पाणी निथळून घेतात. उरलेला चोथा गुरांना जातो. मग हे गोड पाणी आंबवायच्या टाकीत पडतं. टाकीचं झाकण उघडलं तर डोकं आत घालू नका. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि नाकात असा झोंबतो की पुढचा अर्धा तास वास घेणं संपलं. हाताने वारा घालून वास आपल्याकडे ओढायचा. केळ्याचा, सफरचंदाचा, कधी ताकाचा वास येईल. तो कुठून येतो? यीस्टमधून आणि वेळेतून. इथे विचारायचे प्रश्न दोन: यीस्ट कोणतं, आणि किती तास आंबवता? एडिंबरा हे जुन्या काळी बिअरचं मोठं शहर, आणि हॉलिरूडवाले बिअरची यीस्टं मुद्दाम वापरतात, त्यामुळे उत्तर लांबलचक येतं. ऐकून घ्या. दाखवणारा खुलतो तो इथेच.

आंबलेल्या द्रवाला इथेही वॉशच म्हणतात, कारखान्यात म्हणायचे तसंच. त्यात सुमारे 8 टक्के अल्कोहोल असतं. तो तांब्याच्या दोन पात्रांत एकापाठोपाठ एक गाळला जातो. पहिल्यातून निघतो तो 20-25 टक्क्यांचा, दुसऱ्यातून 70 च्या आसपास. तांबं दिसायला छान म्हणून वापरत नाहीत. वाफेतली गंधकाची संयुगं ते धरून ठेवतं, नाहीतर उकडलेल्या कोबीचा वास राहिला असता. हॉलिरूडच्या स्टिलांच्या माना उंच आणि सडपातळ आहेत. जड वाफ वर पोचण्याआधीच थंड होऊन परत खाली पडते, म्हणून वरून बाहेर पडणारा माल हलका आणि फळांच्या वासाचा असतो. कारखान्यातला कॉलम हेच काम रात्रंदिवस न थांबता करतो आणि वास जवळजवळ पुसून टाकतो. इथे प्रत्येक घाण्याला माणूस लागतो. दुसऱ्या गाळणीतला सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून फक्त मधला ठेवायचा असतो. कधी तोडायचं हे ज्याला कळतं, तोच खरा कारागीर. "तुम्ही कुठल्या टक्क्याला तोडता?" असं विचारलंत की दाखवणारा तुमच्याकडे वळून बघतो.

संधी मिळाली तर ताजा गाळलेला, पिंपात न गेलेला, पाण्यासारखा पारदर्शक माल नक्की हुंगा. एक थेंब तळहातावर घेऊन चोळा, अल्कोहोल उडू द्या आणि मग वास घ्या. दाणा उरतो. हे मी आप्पांकडून शिकले. ते स्पिरिट असंच तपासायचे.

जिनचं प्रकरण

जिनमध्ये माझा प्रश्न जास्त टोचतो. जवळजवळ सगळे छोटे जिनवाले मूळ स्पिरिट स्वतः बनवत नाहीत. मोठ्या कारखान्यातून किमान 96 टक्क्यांचं, वासरहित, बहुधा गव्हाचं स्पिरिट विकत आणतात. आपल्याकडे त्याला ई.एन.ए. (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल) म्हणतात. त्यात ज्युनिपर नावाच्या सदाहरित झुडपाची फळं आणि इतर मसाले टाकून ते पुन्हा गाळतात. ही फसवणूक नव्हे, जिनची रीतच तशी आहे. नियम एवढाच की ज्युनिपरची चव पुढे असावी आणि बाटलीत किमान 37.5 टक्के अल्कोहोल असावं. 'लंडन जिन' लंडनमध्ये बनलेली असायला हवी असंही नाही. म्हणून "स्पिरिट कुठून घेता, आणि मसाला भिजवता की वाफेवर टांगता?" हे बिनधास्त विचारा. भिजवला की चव दणकट येते, वरच्या टोपलीतून नुसती वाफ गेली की नाजूक.

छोट्या डिस्टिलऱ्या जिन का करतात याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. जिन काही दिवसांत बाटलीत जाते. व्हिस्कीला तीन वर्षं थांबावं लागतं आणि तोवर पगार कोण देणार? हॉलिरूड 2019 ला सुरू झाली, पहिली सिंगल मॉल्ट 'अरायव्हल' 2023 मध्ये आली.

जिनच्या मसाल्यांच्या बरण्या कुठे मांडलेल्या दिसल्या तर आपल्या बायकांना पुढे सोडा. माझ्या सासूबाई अशाच एका ठिकाणी, दुसऱ्या डिस्टिलरीत, झाकणं उघडून उघडून सांगत गेल्या: धने, वेलची, दालचिनी, ज्येष्ठमध, संत्र्याची साल. एका बरणीपाशी थांबल्या, पुन्हा हुंगलं आणि म्हणाल्या, "कंकोळ." तिथला मुलगा इंग्रजी नाव सांगायच्या आत. जिनमध्ये ज्युनिपरखालोखाल सगळ्यात जास्त वापरला जाणारा मसाला धने आहे, हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आजवर लपवून ठेवलं होतं. हॉलिरूडची 'हाइट ऑफ ॲरोज' जिन याच्या अगदी उलट टोकाला आहे. मसाल्यांत एकटं ज्युनिपर, जोडीला समुद्रमीठ आणि मधमाश्यांचं मेण. दहा-बारा मसाल्यांच्या जिनशेजारी ठेवून चाखलीत तर ज्युनिपर म्हणजे काय ते पहिल्यांदा नीट कळतं. सासूबाईंचं मत विचाराल तर, "एवढ्या कमी मसाल्यात काय होतंय!"

चाखताना

नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून, ग्लास हनुवटीपाशी धरून वास घ्या, मग हळूहळू वर आणा. पहिला घोट जीभ तयार करण्यापुरता, चव दुसऱ्यात. मग दोन थेंब पाणी टाका आणि पुन्हा वास घ्या. खरंच बदलतो. बर्फ, सोडा, कोक मागू नका असं मी म्हणणार नाही, पण आधी एकदा तसंच बघा. चकली-शेव मिळणार नाही, तेव्हा मेहुण्याला तेवढं आधीच सांगून ठेवा. काही जिन पाणी घातल्यावर दुधाळ होतात. घाबरू नका, मसाल्यातली तेलं विरघळलेली असतात ती बाहेर पडतात, एवढंच.

हिशेब ठेवायचा तर 25 मिलिलिटर, 40 टक्के म्हणजे इथलं एक युनिट. 60 टक्क्यांची पिंपातली व्हिस्की असेल तर तेवढ्याच मापात दीड. इथला सरकारी सल्ला आठवड्याला 14 युनिटांच्या वर जाऊ नये असा आहे. ग्लासात उरलं तर उरू द्या, ओतून देण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. "पैसे दिलेत" म्हणून संपवणारे काका मी बघितलेत. पुढचा मुक्काम त्यांनी बोगद्यात नाही, आमच्या सोफ्यावर केला.

विकत घेताना

दुकानात लेबल वाचा. डिस्टिलरीच्या दुकानात इतरांकडून आणून बाटलीत भरलेली व्हिस्कीही असू शकते. 'डिस्टिल्ड' कुठे आणि 'बॉटल्ड' कुठे, हे दोन शब्द शोधा. वयाचा आकडा नसेल तर नाक मुरडू नका, तरुण डिस्टिलरीकडे म्हातारी व्हिस्की येणार कुठून? विमानतळावर मिळणारी बाटली इथून उचलू नका. इथेच मिळणारी घ्या, नाहीतर छोट्या बाटल्यांचा संच. स्कॉटलंडमध्ये दुकानातून दारू सकाळी 10 ते रात्री 10 या वेळातच विकता येते. पर्यटकांना व्हॅट परत मिळण्याची सोय 2021 पासून बंद आहे, तेव्हा पावतीवरून कोणाशी वाद घालू नका.

बाटल्या मोठ्या बॅगेत, मध्यभागी, कपड्यांत गुंडाळून ठेवा. 24 ते 70 टक्क्यांपर्यंतचा माल माणशी 5 लिटरपर्यंत चेक-इनमध्ये चालतो, 70 च्या वरचा अजिबात नाही. भारतात उतरताना मात्र शुल्काविना माणशी 2 लिटरच. इथली बाटली 700 मिलिलिटरची असते, म्हणजे तीन घेतल्या की 2.1 लिटर होतात आणि तुम्ही मर्यादेबाहेर. दोन मोठ्या आणि एक 500 ची घ्या, किंवा दोन मोठ्या आणि बाकी छोट्या. सासूबाईंच्या वाट्याचे दोन लिटर कोणाच्या नावावर जाणार, ते घरीच ठरवून निघा.